भुलाबाईचा खाऊ कसा फुटला

१

कोजागिरीला दोन दिवस उरले असताना, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, बेसा भागातल्या रेवती अपार्टमेंटमध्ये रुख्मिणीबाईंचा खाऊ फुटला. परीक्षेचा पेपर फुटतो ना, अगदी तसा. चौदा वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं, ते सात वर्षांच्या एका पोरीनं एका दमात करून टाकलं.

ज्यांनी भुलाबाई पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायलाच हवेत. भुलाबाई म्हणजे मातीची पार्वती; नवऱ्याला, भुलोजींना घेऊन ती माहेरी येते, आणि तिच्या निमित्तानं रोज एका घरी बायका-पोरी जमून गाणी म्हणतात. गाणी संपली की यजमानीण झाकलेला डबा खळखळ वाजवते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. रेवतीमध्ये भुलाबाई पाच दिवस बसते. तिथं या कामासाठी कडीचा एक पितळी डबा आहे. ज्या घरचा खाऊ कोणालाच ओळखता येत नाही, त्या घरात तो वर्षभर मुक्काम करतो; ओळखला तर ओळखणाऱ्याच्या घरी जातो. गेली चौदा वर्षं तो दुसऱ्या मजल्यावर, रुख्मिणीबाईंच्या देवघराशेजारी बसून होता. त्यांनी कधी कवठाच्या वड्या केल्या, कधी जवसाचे लाडू केले, एकदा तर नुसते भाजलेले सीताफळाचे गोळे करून सगळ्यांना हात टेकायला लावले होते.

यंदा तर घरात नवी सून होती. रितिका भिवापूरची, मिरचीच्या व्यापाऱ्याची लेक, मे महिन्यात लग्न होऊन आलेली. तिची ही सासरची पहिली भुलाबाई. खाऊची कल्पनाही तिचीच, आणि ती फक्त दोघींना ठाऊक, सासूला आणि सुनेला.

रुख्मिणीबाईंनी डबा उचलून वाजवला. आतून जड, दबका आवाज आला. "गोड का तिखट?" असं कोणीतरी विचारणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची चिन्मयी टुणकन उभी राहिली.

"भिवापुरी मिरचीची बर्फी! वरून चारोळी!"

बायका खो खो हसल्या. मिरचीची कधी बर्फी होते का? मग रुख्मिणीबाईंचा चेहरा पाहून एकेकीचं हसू थांबलं. झाकण निघालं. आत लालभडक बर्फीच्या वड्या होत्या, वर मगजाच्या पांढऱ्या बिया लावलेल्या. चिन्मयीची आजी कामिनी हिनं अशी टाळी वाजवली की भुलाबाईपुढचा दिवा फडफडला.

रुख्मिणीबाईंनी टाळी वाजवणाऱ्या कामिनीकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

दाराजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांमुळे खाली न बसणाऱ्या यमुताईंनी ती नजर बरोबर टिपली.

२

यमुताई तळमजल्यावर राहतात. वय त्र्याहत्तर. एकतीस वर्षं त्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. खापा गावचा माणूस अमरावतीच्या माणसाशी बोलायचा तो यांच्या हातून. तिथं त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. या टोकाचं बोलणं त्या टोकाला पोचलं म्हणजे मधे कुठंतरी तार जोडलेली असतेच. ती सापडत नसेल तर दोष तारेचा नाही, शोधणाऱ्याचा. या एकाच तत्त्वावर त्यांनी रेवतीतली चप्पलचोरी आणि पाण्याच्या टाकीचं कोडं सोडवलं होतं, आणि लोक त्यांना जरा वचकूनच असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई त्यांच्याकडे आल्या आणि चहा न घेताच बसल्या. लक्षण बरं नव्हतं.

"यमुताई, डबा गेला त्याचं नाही मले काही," त्या म्हणाल्या. "पण घरातूनच फुटावं? दोघीलेच माहीत होतं. मी तर कोणाले सांगितलं नाही."

"मंग तिले विचारलं का?"

"काय विचारू? मी एक शब्द बोलली नाही."

"तेच तर चुकलं वं. बोलली असती तर बरं झालं असतं. आता ती पोरगी काय करून राहिली?"

रुख्मिणीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बॅग भरून राहिली. उद्या दुपारी तिचे बाबा नेतात म्हणे, कोजागिरीले भिवापूरले. मी थांब म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही." मग खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अन् आणखी एक. काल दुपारी भजनाहून आली तं मी डोळ्यानं पाहिलं. तिनं एक छोटी डबी ओढणीखाली लपवून नेली. माझी चाहूल लागली तशी दचकली. नमुना असन तो. कामिनीकडे धाडायले."

"कामिनीकडे? तिनं असं काय भलं केलं तुह्या सुनेचं?"

"मले काय माहीत! पण मले ती पोरगी आवडत होती हो यमुताई," असं म्हणता म्हणता रुख्मिणीबाईंचे डोळे भरून आले. "पाच महिन्यात घर भरल्यासारखं वाटून राहिलं होतं."

यमुताईंनी चष्मा पुसला. उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता. त्यानंतर ती पोरगी माहेरी गेली असती, आणि मनात अढी घेऊन गेलेली सून परत येते ती अढी घेऊनच येते, हे त्यांनी फोनच्या तारांवर शेकडो वेळा ऐकलं होतं.

"जा तू," त्या म्हणाल्या. "अन् तुह्या घरच्या रंभाबाईले खाली पाठव."

३

रंभाबाई रुख्मिणीबाईंकडे पोळ्या करतात आणि वर कामिनीकडे भांडी घासतात. म्हणजे संशयाला जागा ऐसपैस. त्या कमरेवर हात ठेवूनच आल्या.

"मी फोडीन? मी? अवं बाई, माह्या हातानं मी त्या मिरच्यांचं बी काढलं, डोळ्यातून पाणी काढत काढत! ऐनवेळी चारोळीच्या बरणीत मुंग्या निघाल्या तं मीच म्हटलं, मगज लाव पोरी. मीच सोलून देल्ला. असं असल्यावर मी काय म्हणून..."

"थांब," यमुताई म्हणाल्या. "चारोळीले मुंग्या कधी निघाल्या?"

"साडेतीन वाजले असन. वड्या थापून झाल्यावर."

यमुताईंनी डोळे मिटले. चिन्मयी काय ओरडली होती? वरून चारोळी. आणि डब्यात तर मगज होता. ज्यानं खाऊ पाहिला, चाखला किंवा करायला मदत केली, तो चारोळी म्हणालाच नसता. फुटला तो खाऊ नव्हता, फुटला तो बेत होता. साडेतीन वाजण्याआधीचा बेत.

रंभाबाई सुटल्या. त्यांना चहा मिळाला.

मग यमुताई लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर गेल्या. रुख्मिणीबाईंचे यजमान विश्वनाथ हॉलमध्ये पेपर वाचत होते. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली असे, मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'साखर (मोजकी)'. त्यांच्यासमोर भिंतीवर व्याह्यांनी महालक्ष्म्यांच्या सणाला पाठवलेला भला मोठा टीव्ही होता.

"काय गा विश्वनाथ, तू तं म्हणत होता, यंदा भुलाबाईची गाणी कंप्युटरवरून या टीव्हीवर दाखवणार. बिनतारी. अन् काल पाहते तं पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली!"

विश्वनाथांनी पेपर जरा वर धरला. "टीव्हीनं डोळ्याले त्रास होते, यमुताई. पुठ्ठा बरा."

"अन् बर्फी चाखली का करताना?"

"कढई चाटली," त्यांनी कबूल केलं. "ताटातला मगजही उचलला दोन दाणे. पण मी कोणाशी काही बोललो नाही. बोलायले होतं तरी कोण? नेटसुद्धा धड चालून नाही राहिलं महिनाभरापासून. पैसे तेवढेच, अन् चालते अर्धंच."

यांनीही मगज पाहिला होता. यमुताईंनी मनातल्या यादीतून दुसरं नाव खोडलं.

तिसऱ्या मजल्यावर, रुख्मिणीबाईंच्या घराच्या अगदी डोक्यावर, कामिनीनं पितळी डबा चिंचेनं घासून टीव्हीखाली मांडूनसुद्धा ठेवला होता. ती हरखून गेली होती.

"माही नात हुशारच आहे पहिल्यापासून. मीही विचारलं, कसं ओळखलं वं? तं नुसती हसते. अन् रुख्मिणीबाईंचं काय सांगता! सून आली, तिचीच बर्फी, तिचाच टीव्ही. कानामागून आली अन् तिखट झाली." कामिनी हसली. मग टीव्हीवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "पण उपकार विसरणार नाही मी. आमचा टीव्ही विजेच्या झटक्यानं उडाला तं त्यांनीच त्यांचा हा जुना वर पाठवला. एवढा गुणी आहे, याले नेटसुद्धा लावावं लागलं नाही. आपोआपच येते!"

"आपोआप?"

"हाव ना. कंपनीतूनच भरून येत असन."

यमुताई काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात खालून बॅगेची चेन ओढल्याचा लांबलचक आवाज आला आणि त्यांना रितिकाची आठवण झाली.

४

रितिका पलंगावर बसून साड्यांच्या घड्या करत होती. यमुताईंना पाहताच तिनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे केली.

"मावशी, तुम्हीही हेच विचारायले आल्या ना? मी नाही सांगितलं कोणाले. माह्या बाबांची कसम."

"मले तुही कसम नको, बाई. मले सांग, काल दुपारी बर्फीचं कुठं लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं. आतल्या खोलीतल्या कंप्युटरवर. मम्मीनं फोनवर रेसिपी सांगितली ती भुलून जाईन म्हणून टाइप करून घेतली. पण दार लावलं होतं मावशी, खिडकीही बंद. घरात कोणीच नव्हतं. आई भजनाले गेल्या होत्या, इकडचे बाबा पुठ्ठा आणायले. रंभाबाई किचनमध्ये मिरच्या निवडून राहिल्या होत्या अन् त्यांले वाचता येत नाही."

"किती वाजता?"

"दोन ते सव्वादोन. किचनमध्ये जायच्या आधी पुसूनही टाकलं. कंप्युटर बंद केला."

"त्यात वरून काय लावायचं लिहिलं होतं?"

"चारोळी," रितिका म्हणाली. "मम्मी चारोळीच लावते."

"अन् हे तुह्या सासूले सांगितलं होतं?"

"नाही. त्यांले फक्त मिरचीची बर्फी एवढंच माहीत होतं."

सगळ्या वाटा बंद करत करत त्या जिथं आल्या होत्या, ती जागा त्यांना मुळीच आवडली नाही. चारोळीचा बेत जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि ते माणूस समोर बसून साडीची घडी मोडून पुन्हा घालत होतं.

"म्हणजे मीच ना, मावशी?" रितिका म्हणाली. तिलाही हिशेब कळला होता. "हिशोब तं माह्यावरच येऊन राहिला."

"ती डबी कसली होती वं? ओढणीखालची?"

रितिकाचा चेहरा एकदम लाल झाला. तिनं मान खाली घातली आणि त्या प्रश्नाचं उत्तर काही केल्या दिलं नाही.

५

आता उरली होती चिन्मयी. ती शाळेतून आली आणि यमुताईंनी तिला खाली बोलावून पुढ्यात चिवड्याची वाटी ठेवली. साक्षीदाराला आधी खाऊ घालावं, हा त्यांचा नियम होता.

"चिन्मयी, तुले कोणी सांगितलं?"

"भुलाबाईनं," चिन्मयी शेंगदाणे वेचत म्हणाली.

"खरंच?"

"खरंच, यमुआजी. मी खोटं नाही बोलत."

यमुताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस आवाजात ओळखू येतो, एकतीस वर्षांची ती कमाई होती. ही पोरगी खोटं बोलत नव्हती.

"कशी दिसत होती ती?"

"पिवळी साडी. मागे झेंडूची माळ. बाजूले भुलोजी बसले होते. ती तोंडानं नाही बोलली. तिच्या पोटावर अक्षरं आली. एक एक एक. मग मी वाचली."

"कुठं दिसली तुले?"

चिन्मयीनं ओठ घट्ट मिटले. "ते नाही सांगणार. आजी ओरडते. दुपारी पाहायचं नसते."

"बरं, नको सांगू. आणखी काय सांगितलं भुलाबाईनं?"

"मिरच्या किती, खवा किती, असं बोर बोर होतं. मग शेवटी होतं, आईंसाठी चार वड्या वेगळ्या. खजुराच्या. साखर नाही. सांगायचं नाही." चिन्मयीनं एकदम तोंडावर हात ठेवला. "अय्या, सांगायचं नाही होतं ना!"

यमुताई उठल्या. गुडघे विसरून उठल्या. लिफ्टची वाट न पाहता दोन जिने चढल्या आणि रुख्मिणीबाईंच्या स्वयंपाकघरात शिरून सरळ फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्याच्या मागे, कोथिंबिरीच्या पिशवीखाली स्टीलची एक छोटी डबी होती. झाकण उघडलं. आत चार वड्या, रंगानं जरा काळपट. एकीलाही हात लागला नव्हता.

रुख्मिणीबाईंना साखरेचा आजार आहे. गेली सहा वर्षं त्या स्वतःच्याच हातचा खाऊ स्वतः चाखत नव्हत्या.

डबी परत ठेवून यमुताई आतल्या खोलीत गेल्या आणि कंप्युटर सुरू केला. पडदा उजळला. त्यावर गेल्या वर्षीच्या भुलाबाईचा फोटो होता. पिवळी साडी, झेंडूची माळ आणि बाजूला भुलोजी.

"विश्वनाथ," त्यांनी हाक मारली, "इकडे ये गा. अन् आता खरं सांग. तो नवा टीव्ही चित्र घेत नाही ना?"

६

कोजागिरीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता यमुताईंनी सगळ्यांना कामिनीच्या हॉलमध्ये बसवलं. रुख्मिणीबाई सोफ्याच्या एका टोकाला, रंभाबाई दाराशी, चिन्मयी आजीच्या मांडीवर. टीव्ही बंद होता. खाली विश्वनाथ आणि रितिका तेवढे कंप्युटरपाशी थांबले होते. रितिकाला यमुताईंनी एवढंच सांगितलं होतं की परवाची रेसिपी जशीच्या तशी पुन्हा लिही. ते कुठं दिसणार हे तिला ठाऊक नव्हतं.

यमुताईंनी फोनवर म्हटलं, "हं विश्वनाथ, परवासारखंच कर."

पाच सेकंदं काहीच झालं नाही. मग कोणी हात न लावता कामिनीचा टीव्ही उजळला आणि त्यावर पिवळ्या साडीतली भुलाबाई प्रकटली.

"हीच!" चिन्मयी ओरडली. "मी म्हटलं होतं ना! आपोआप येते! मी नव्हता लावला टीव्ही!"

कामिनीनं तर हातच जोडले.

"हात नको जोडू, कान दे," यमुताई म्हणाल्या. "विश्वनाथच्या कंप्युटरवर जे दिसते ते घरच्या टीव्हीवर पाठवता येते. तार लागत नाही, दोन्ही एकाच वायफायवर असले की झालं. विश्वनाथनं हा टीव्ही घेतला तेव्हा सवयीप्रमाणे याले नाव देल्लं, 'विश्वनाथ हॉल'. महालक्ष्म्यांले व्याह्यांनी नवा टीव्ही पाठवला, हा वर आला. नाव पुसलं कोणी? कोणीच नाही. खालच्या वायफायचा पासवर्डही याच्या पोटात तसाच. हे घर बरोबर डोक्यावर, म्हणून सिग्नल पोचते. कामिनी, तुहं नेट कंपनीतून भरून नव्हतं आलं वं. ते विश्वनाथचं होतं. म्हणून त्याचं अर्धंच चालून राहिलं होतं."

कामिनीनं जीभ चावली.

"परवा दुपारी विश्वनाथ गाण्यांची तालीम करायले बसला. यादीत दोन टीव्ही दिसले. एकाचं नाव नुसते इंग्रजी आकडे, दुसऱ्याचं 'विश्वनाथ हॉल'. त्यानं स्वतःच्या हातचं नाव पाहून बटन दाबलं. हॉलमध्ये जाऊन पाहते तं अंधार. तीनदा दाबलं, तीनदा अंधार. चित्र इथं वर येत होतं ना! त्याले वाटलं नवा टीव्ही बिघडला."

"मंग बोलले काहून नाही?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"सुनेच्या माहेरचा टीव्ही. त्याले नाव ठेवलं तं पोरीले वाईट वाटन, म्हणून. तो गुपचूप पुठ्ठा आणायले गेला, पण पाठवणं बंद केलं नाही. मागून रितिका त्याच कंप्युटरवर बसली. दार लावलं, खिडकी लावली, अन् इथं वर सगळं उघडं! चिन्मयी शाळेतून आली, तू झोपली होती कामिनी, अन् हिच्यापुढं टीव्ही आपोआप लागला. पोरगी सांगन कशी? दुपारी टीव्ही पाहिला म्हणून तूच ओरडली असती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण तेव्हा ते कोणाला सुचलं नाही, कारण टीव्हीवर अक्षरं उमटू लागली होती. भिवापुरी मिरची पंधरा. खवा अर्धा किलो. वरून चारोळी. रुख्मिणीबाई चष्मा सावरून वाचत होत्या. मग अक्षरं थांबली. बराच वेळ भुलाबाई नुसतीच बसून राहिली. आणि मग एकेक अक्षर आलं.

आईंसाठी चार वड्या वेगळ्या. खजुराच्या. साखर नाही. सांगायचं नाही, ओळखतात का पाहू.

रुख्मिणीबाईंनी एकदा यमुताईंकडे पाहिलं.

"तुह्या फ्रिजमध्ये आहेत," यमुताई म्हणाल्या. "दह्याच्या मागे. ओढणीखालचा नमुना."

रुख्मिणीबाई चप्पल न घालता जिना उतरल्या. बाकीचे मागून पोचले तेव्हा त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, डबी हातात, तोंडात अर्धी वडी, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या हातानं त्यांनी रितिकाचं मनगट धरून ठेवलं होतं.

"माहं चुकलं, पोरी," त्या म्हणाल्या. "मी विचारायले पाह्यजे होतं."

"आई, तिखट तं नाही ना झाली जास्त?" रितिका एवढंच विचारू शकली आणि तिला हुंदका आला. मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

विश्वनाथ मात्र कागद-पेन घेऊन तयार होते. "चिन्मयी चारोळी म्हणाली, निघाला मगज. नियमानं अंदाज चुकला. डबा आपला! अन् मी आत्ताच पासवर्ड बदलतो."

"बर्फी म्हणाली ना पोरगी? मंग बरोबर ओळखलं," रुख्मिणीबाईंनी त्यांना झापलं. "अन् पासवर्ड राहू द्या. दुसऱ्या घरी गेलं म्हणून माहेरची ओळख पुसावी लागते का?"

हे रुख्मिणीबाई टीव्हीबद्दल बोलत होत्या. रितिकानं मात्र त्यांचा हात जरा घट्ट धरला. मग आत जाऊन तिनं बॅगेची चेन उघडली आणि साड्या कपाटात परत ठेवल्या.

७

रेवतीत एक सोय आहे. हरलेल्या घराला कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आणखी एक डाव मिळतो. खाऊ कोणी ओळखला नाही तर डबा परत.

दुपारी चार वाजता कामिनीचा टीव्ही आपोआप लागला. भुलाबाई आली, आणि तिच्या पोटावर सावकाश, एका बोटानं टाइप केल्यासारखी अक्षरं उमटली. आजचा खाऊ. बोरकुटाच्या गोळ्या.

कामिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा रुख्मिणीबाई! मले इतकी बावळट समजल्या? मी पाहून राहिली हे माहीत आहे, म्हणून खोटं लिहून राहिल्या!" आणि सहा वाजेपर्यंत तिनं सगळ्या रेवतीला बजावलं. काहीही म्हणा, बोरकुट म्हणू नका, वाळल्या बोरांचं नावही काढू नका.

संध्याकाळी गच्चीवर दूध आटत होतं. रितिकाचे वडील ओमप्रकाश लेकीला न्यायला आले होते, ते आता केशर घोटत बसले होते. रुख्मिणीबाईंनी डबा वाजवला. आतून टक टक आवाज आला. बायकांनी सपाटा लावला. चणे? नाही. करंज्या? नाही. मखाणे, सुपाऱ्या, आवळे, गुळाचे खडे? नाही, नाही, नाही. चिन्मयीनं दोनदा तोंड उघडलं, "पण आजी, भुलाबाईनं तं..." आणि दोन्ही वेळा कामिनीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. बावीस अंदाज झाले आणि रेवती हरली.

झाकण निघालं. बोरकुटाच्या गोळ्या.

"म्हणजे खरंच लिहिलं होतं?" कामिनी किंचाळली.

"खोटं काहून लिहू बाप्पा?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "भुलाबाईच्या नावानं?"

गच्ची हसून हसून लोटपोट झाली. सगळ्यात मोठ्यानं कामिनीच हसली. पहिली गोळी चिन्मयीला मिळाली, कारण खरं सांगणाऱ्यावर तिनं एकटीनं भरवसा ठेवला होता.

"पण ही अक्कल कोणाची?" ओमप्रकाशांनी विचारलं. "समधनजींची, का आमच्या रितिकाची?"

"हिची," सासू म्हणाली.

"यांची," सून म्हणाली.

सगळ्यांनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताई दुधाचा पेला फुंकत होत्या. टाइप करताना रुख्मिणीबाईंचं एकच बोट चालत होतं आणि त्यांच्या खांद्यामागून कोण हसत होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुपारी चार वाजता त्या कंप्युटरच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या.

"हा तपास माह्याकडे आला नाही," त्या म्हणाल्या, आणि दुधाचा घोट घेतला.